लेसरचा किरण शरीरात काय करतो?

(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या रविवारच्या व्याख्यानाचा मजकूर)



फळ्यावर विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की, बँकेतला कारकून लेसरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी कला शाखेचा पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावलेला नव्हता. तो पुढे लावावा लागला. का, तेवढे आधी सांगतो.

दर नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर मंडळी बँकेत येतात. आधी लातूरच्या शाखेत आणि आता नांदेडला, काउंटरच्या आतून एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. वळणदार सही करणारा एखादा माणूस एके वर्षी विचारतो, "सायब, सही कुठं करू? जरा बोट ठेवा की." त्यानंतरच्या वर्षी त्याची सही रेघ सोडून खाली उतरते. आणखी एक-दोन वर्षांनी तो शाईच्या पॅडकडे हात नेतो. हा माणूस निरक्षर नाही. त्याच्या बापाने आयुष्यभर अंगठा दिला आणि पोराने सही करावी म्हणून त्याला शाळेत घातले. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्या घरांना किती पिढ्या लागल्या, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. म्हणून सहीवरून परत अंगठ्याकडे जाणारा माणूस पाहिला की मला फार लागते. त्यांच्याशी बोलताना बहुतेक वेळा एकच कारण निघते. शुगर.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त कंडक्टर होते. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. लातूरला असताना डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि दोन्ही डोळ्यांना लेसर करावा लागेल असे सांगितले. घरी आलो तर गल्लीतल्या एकाने छातीठोकपणे सांगितले, "लेसर केला की डोळा जातो. आमच्या मामाचा गेला." झाले! दादा म्हणाले, "मला दिसतंय ना? मग भाजून कशाला घ्यायचं?" मीही जोर धरला नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काळे जाळे उतरले. आत रक्तस्राव झाला होता. त्यानंतर नांदेडला डाव्या डोळ्याचा लेसर केला. तेव्हा मी डॉक्टरांना विचारले, भाजून डोळा वाचतो कसा? बाहेर पेशंटची रांग होती. ते एवढेच म्हणाले, "किरण भाजत नाही. जो त्याला गिळतो तो भाजतो."

या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझे बरेच रविवार गेले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

लहानपणी आपण सर्वांनी भिंगाचा खेळ केला आहे. दुपारच्या उन्हात भिंग धरायचे आणि खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा. उन्हाचा ठिपका कोऱ्या कडेवर धरला तर कागद बराच वेळ नुसता तापतो. तोच ठिपका काळ्या छपाईवर सरकवला की लगेच धूर निघतो. ऊन तेच, भिंग तेच, कागदही तोच. फरक इतकाच की शाई उजेड गिळते आणि पांढरा कागद तो परत फेकतो. उजेड कशावरही पडला तरी चार गोष्टी होऊ शकतात. तो परत फिरतो, आत जाऊन विखुरतो, आरपार निघून जातो किंवा शोषला जातो. शरीरावर जे काही घडते ते या चौथ्या प्रकारामुळे. जो उजेड शोषला गेला नाही त्याने काही केले नाही. लेसरचे सगळे वैद्यकशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

लेसर म्हणजे तरी काय? उजेडच. पण बल्बचा उजेड बाजारातल्या गर्दीसारखा असतो. अनेक रंगांचा, चहूकडे जाणारा. लेसरचा उजेड एका रंगाचा, एका दिशेने, पावलाला पाऊल मिळवून चालणारा. त्यामुळे तो केसाएवढ्या ठिपक्यावर आणता येतो. याची कल्पना आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडली. पुढची हकिकत आपल्या जिव्हाळ्याची आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ५ जून १९५२ रोजी त्याच विद्यापीठाची एलएल.डी. ही सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते पुन्हा तेथे गेले. त्या वेळी तिथल्या भौतिकशास्त्र विभागात चार्ल्स टाऊन्स नावाचे प्राध्यापक आपल्या सहकाऱ्यांसह एका यंत्राची जुळवाजुळव करीत होते. १९५४ मध्ये ते चालले. त्याचे नाव मेसर, लेसरचा थोरला भाऊ म्हणा. 'लेसर' हा शब्दही कोलंबियाच्याच गॉर्डन गूल्ड या विद्यार्थ्याने १९५७ साली आपल्या वहीत लिहिला. प्रत्यक्ष लेसर मात्र १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. आणि डिसेंबर १९६१ मध्ये माणसाच्या डोळ्यातील पडद्यावरची गाठ लेसरने प्रथम जाळली गेली, ती डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांच्या हातून, कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात.

बाबासाहेबांना मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी फार अधू झाली होती, हे आपण जाणतो. नानकचंद रत्तू रात्र रात्र टंकलेखन करीत बसत. त्यांचे डोळे नेमक्या कोणत्या विकाराने अधू झाले, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर लेसर हा इलाज जगात कुठेच नव्हता. आज तो नांदेडात आहे, लातुरात आहे, आणि आपण गल्लीतल्या माणसाचे ऐकून घरी बसतो.

आता उजेड गिळतो कोण ते पाहू. आपल्या शरीरात मुख्य गिऱ्हाइके तीन. एक, त्वचेला आणि डोळ्याच्या पडद्यामागच्या थराला काळा रंग देणारे मेलॅनिन. दुसरे, रक्ताला लाल करणारे हिमोग्लोबिन. आणि तिसरे साधे पाणी, जे मांसाच्या वजनात सर्वात जास्त असते. प्रत्येकाची आवड वेगळी. हिरवा उजेड मेलॅनिन व रक्त आवडीने घेतात, पाणी त्याला हातही लावत नाही. उलट काही अदृश्य किरण असे आहेत की ते पाण्यात एका केसाच्या जाडीइतकेही आत जाऊ शकत नाहीत, वरच्या वर शोषले जातात. अशा किरणांचा सर्वात उपयोगी लेसर म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. हे गृहस्थ आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले. विद्यार्थ्यांनी हे नाव लिहून ठेवावे. या किरणाने मांस कापले की पेशीतील पाण्याची वाफ होते, काप जातो, आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या बारीक रक्तवाहिन्या कडेने मिटत जातात. म्हणून रक्त फार येत नाही. घशातील स्वरयंत्रावरच्या गाठी अशा रीतीने काढता येऊ लागल्या.

शोषलेल्या उजेडाची उष्णता होते. शरीर ३७ अंशांवर असते. साधारण ६० अंशांवर पेशीतील प्रथिने अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात आणि मग पूर्ववत होत नाहीत. १०० अंशांवर पाण्याची वाफ, त्याच्याही पुढे कोळसा. डॉक्टरला यातली कोणती पायरी हवी, त्यावरून तो रंग, ताकद आणि वेळ ठरवतो.

दादांच्या डोळ्यात काय केले ते आता सांगता येईल. डोळ्याचे बुबुळ, आतले भिंग, त्यामागचा पाणीदार गर हे सगळे हिरव्या उजेडाला पारदर्शक. खिडकीच्या काचेतून ऊन घरात येते, काच तापत नाही, आतली काळी पेटी तापते, तसा तो हिरवा किरण कुठेही चीर न देता थेट पडद्यापाशी जातो आणि मागच्या काळ्या थरात शोषला जातो. दहाव्या हिश्श्याचा सेकंद, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. असे बाराशे ते सोळाशे ठिपके, दोन-चार बैठकांत. नजर जिथे टेकते तो मधला बिंदू सोडून, सगळे कडेकडेने.

पण कड तरी का जाळायची? जुन्या मधुमेहाने पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या बुजतात. पडद्याचे काही भाग प्राणवायूविना उपाशी राहतात. उपाशी पेशी एक रसायन सोडतात, रक्त पाठवा म्हणून हाकाटीच करतात म्हणा ना! त्या हाकेने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या. शिंकेनेसुद्धा फुटाव्यात अशा. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त, पुढे पडदाही ओढला जाऊन सुटू शकतो. लेसरने कडेच्या उपाशी पेशी मारल्या की मागणी कमी होते, हाक थांबते, कच्च्या वाहिन्या सुकतात आणि मधल्या भागाला पुरेसे मिळते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना हे वेगळे समजावायला नको. अंगणात सडा बंद, कुंड्यांतली झाडे वाळली, धुणे आठवड्यावर गेले, पण पिण्याचा हंडा झाकून ठेवला. पडद्यावरचा लेसर तेच करतो.

याची किंमत आहे, ती लपवू नये. कडेची नजर थोडी कमी होते, अंधारात दिसणे कमी होते. दादा आजही दिवेलागणीला उंबऱ्यावर अडखळतात. आणि गेलेली नजर लेसरने परत येत नाही. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लेसर होतो. नजर वाढत नाही, कधी आधीच फुटायला आलेली वाहिनी त्याच महिन्यात फुटते, आणि बोल लेसरला लागतो. गल्लीतल्या त्या गृहस्थाच्या मामांचे असेच झाले असेल.

असेल, असे मी म्हणतो. पण अशा अंदाजावर राहू नये, तपासून पाहावे, हे कालाम सुत्त आपल्याला सांगतेच. तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्याला लेसर केला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हींची तुलना केली. माणूस तोच, शुगर तीच. १९७६ साली निष्कर्ष आला : लेसर केलेल्या डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत, मधल्या भागाला सूज असेल तर बहुधा तीच देतात. कोणाला काय, ते डॉक्टरांनी ठरवावे. दादांचा डावा डोळा आज ठळक मथळे वाचतो. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी सही केली. रेघेच्या थोडी वर, पण सहीच.

आता मोतीबिंदू. "लेसरने मोतीबिंदू काढला" हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. बहुतेक वेळा ते खरे नसते. बारीक छेदातून सुईसारखी नळी घालून मोतीबिंदू फोडून ओढून घेतात, ते काम ध्वनिलहरींचे, कानाला ऐकू न येणाऱ्या. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली हे सुरू केले. दाताच्या डॉक्टरकडील दात साफ करायचे यंत्र पाहून त्यांना ती कल्पना सुचली. मोठ्या शहरांत काही टप्पे लेसरने करणारी यंत्रेही आली आहेत, पण ती वेगळी आणि महाग. रेणापूर तालुक्यातील माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, आपल्या भागात मोतीबिंदू म्हटले की त्यांचे नाव निघते. मोतीबिंदूच्या कामात मोठेपणा हाताचा आणि सफाईचा असतो. 'लेसर' शब्दासाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर नम्रपणे विचारावे, की लेसर कशावर मारणार?

ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले, तर मात्र लेसर खराच. बसवलेल्या भिंगामागची पातळ झिल्ली गढूळ होते, ती याग नावाच्या लेसरने फाडतात. इथे गंमत आहे. ही झिल्ली रंगहीन, तिच्यात गिळणारे काहीच नाही. मग किरण काम कसे करतो? याचे उत्तर मला माझ्या नोकरीतच सापडले. बारा हजार रुपये कोणी महिना शंभराने भरले तर घराला जाणवत नाही. तेच एका सकाळी मागितले तर घर हलते. पडद्यावरच्या एका ठिपक्याला साधारण २० मिलिज्यूल ऊर्जा लागते असे धरा, पण ती दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात सावकाश दिली जाते. झिल्लीला अवघी २ मिलिज्यूल, दहावा हिस्सा. पण ती एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट इतक्याच वेळात. हिशेब केला तर त्या क्षणापुरती ताकद चार लाख वॅट होते! त्या टोकावर पदार्थाच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, बारीक ठिणगी उडते, धक्का बसतो आणि झिल्लीला भोक पडते. भाजणे नाही, कापणे नाही, नुसता धक्का. पेशंटला टक् असा आवाज ऐकू येतो, आणि काही मिनिटांत तो उठून जातो.

मुतखड्याचा लेसर याहून निराळा, तो पाण्यात शोषला जाणारा, नळीतून खड्याला टेकवून मारायचा. चष्म्याचा नंबर घालवणारा आणखी निराळा. त्याचा अतिनील किरण भाजण्याआधीच रेणूंचे बंध तोडतो. पोलीस भरतीच्या तयारीतले विद्यार्थी याबद्दल विचारतात, म्हणून एवढे सांगतो की अठरा वर्षे पूर्ण होऊन नंबर स्थिर झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. या किरणाने जिवंत ऊतीला न जाळता कापता येते हे १९८१ साली अमेरिकेत ज्यांनी दाखवले, त्यांत रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासचे. त्यांनी पहिला प्रयोग घरच्या मेजवानीत उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर केला होता.

आता जरा कडू बोलतो. युवक मित्रांनी राग मानू नये.

डॉक्टरचा हिरवा किरण मी सांगितला. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरून जो हिरवा झोत फिरतो, तोही तसाच हिरवा. तोही बुबुळातून, भिंगातून विनाअडथळा आत जातो. उलट आपल्या डोळ्यातले भिंग त्याला एकवटते आणि पडद्यावर त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये म्हणतात त्याचे कारण राहू-केतू नव्हेत, हेच आहे. जर्मनीत १९४५ च्या ग्रहणात डोळे भाजलेले लोक पाहूनच डॉ. मायर-श्विकेराट यांना उजेडाने पडद्यावर उपचार करण्याची कल्पना सुचली होती. डॉक्टर मधला बिंदू जपून कडेला ठिपके देतात. आपण झोताकडे टक लावून पाहतो तेव्हा तो नेमका मधल्या बिंदूवर पडतो. ज्या बिंदूने आपण अक्षर वाचतो, त्यावर! २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये असे पडदे भाजलेले तरुण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले, ते वर्तमानपत्रांत छापून आले होते. तिथला डाग भरून येईलच याची खात्री कोणी देत नाही. आणि वेदना होत नाही, म्हणून त्या रात्री कळतही नाही.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे असतात, त्यांचे डोळे बरोबर झोताच्या उंचीवर येतात. जयंती समितीच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे की गाडी ठरवतानाच लेसरचा दिवा नको असे लेखी घ्यावे. साधे रंगीत दिवे खुशाल लावावेत. माझ्या बाजूने हात वर करणारे किती निघतात ते तेव्हा दिसेलच. आमच्या घरातूनही विरोध आहे, मुलगा म्हणतो लेसरशिवाय मजा नाही.

शेवटी एक व्यवहाराचे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. नुसता चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. संस्थेच्या शिबिरात ही सोय करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. येताना शुगरचे जुने कागद आणावेत, उन्हासाठी काळा चष्मा आणि सोबत घरचे कोणी तरी आणावे. थेंबांनंतर तीन-चार तास जवळचे अक्षर दिसत नाही, मोटारसायकल अजिबात चालवू नये. आणि त्या दिवशी बँकेत येऊ नका. आलातच तर माझ्या काउंटरला या, सही कुठे करायची तिथे मी बोट ठेवीन.

जय भीम! नमो बुद्धाय!